अर्धवट चप्पलही काचेत ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरी चप्पल, साज, हुपरीची चांदी अशा इथल्या कारागिरीचे एक छोटेखानी संग्रहालय शहरात असावे, अशी इच्छा अनेकजण बोलून दाखवतात. चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने कोल्हापुरीच्या धाटणीची पायताणे दाखवली, आणि त्या त्या वेळी चपलेच्या अभिमानाबद्दल भरपूर बोलले-लिहिले गेले. ती कशी होते याबद्दल मात्र फारच थोडे. जागा कुठे आणि उद्घाटन कोणाच्या हस्ते, हे नंतर बघता येईल. आत काय ठेवायचे ते आधी ठरू द्या. आमचे म्हणणे एवढेच आहे, की तयार वस्तू थोड्या ठेवा आणि अर्धवट राहिलेल्या, बिघडलेल्या वस्तू भरपूर ठेवा.

तयार चप्पल बघायला संग्रहालय कशाला हवे? चप्पल लाईनीत ती हातात घेता येते, वाकवून बघता येते, पायात घालून चार पावले चालता येते, दुकानदाराला शंका विचारता येतात. तीच चप्पल कपाटात ठेवून खाली ‘कोल्हापुरी चप्पल, चामडे’ अशी चिठ्ठी लावली, तर बघणाऱ्याच्या पदरात दुकानापेक्षा कमीच पडते. दुकानात जे दिसत नाही ते संग्रहालयाने दाखवावे. चपलेच्या पोटात काय आहे, पट्टा तळात किती आत शिरलेला आहे, लवकर ढिली पडणारी चप्पल आणि वर्षानुवर्षे टिकणारी चप्पल यांत फरक नेमका कुठे पडतो, हे काउंटरवर कळत नाही.

शहरात संग्रहालये आहेतच. टाऊन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत, न्यू पॅलेसमध्ये राजघराण्याचा संग्रह आहे, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांची चित्रे आहेत, कणेरी मठावर गावगाडा पुतळ्यांतून उभा केला आहे. ही सगळी आपापले काम चोख करतात. पण पुतळा कामाची बैठक दाखवतो. हातातले कातडे सकाळी कसे होते आणि संध्याकाळी कसे झाले, हे पुतळ्याला दाखवता येत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते बघत माणूस तासन् तास रमतो, तरी तो अडकित्ता उघडून खीळ कशी बसवली ते बघायची सोय तिथे नसते, आणि नसावीच. पुन्हा न मिळणारी वस्तू काचेतच हवी. कोल्हापूरचे भाग्य असे, की इथली वस्तू अजून रोज बनते. सुभाषनगर, जवाहरनगरात नवी चप्पल मिळते म्हणून एक चप्पल उभी चिरून दाखवता येते, दुसरी शाळकरी पोरांच्या हातात देता येते, झिजली की तिसरी आणता येते. हा फायदा घ्यायचा नसेल, तर निव्वळ कपाटे भरण्यात अर्थ नाही.

चपलेची मांडणी कातड्यापासून सुरू करावी आणि इथे अजिबात संकोच करू नये. कातडे कमावणे हे काम पिढ्यान् पिढ्या ढोर समाजाने केले, चपला चर्मकार समाजाने शिवल्या, आणि दोघांच्याही वाट्याला गावाबाहेरची जागा आली. वास येतो, बघवत नाही, असे म्हणून हा भाग वगळला आणि एकदम नक्षीदार पट्ट्यांपासून सुरुवात केली, तर तोच जुना अन्याय नव्या इमारतीत चालू राहतो. शिवाय, तांत्रिकदृष्ट्या बघितले तर चपलेचे अर्धे आयुष्य कमावण्यातच ठरलेले असते.

पहिल्या फळीवर वीतभर लांबीचे पाच तुकडे असावेत, शक्यतो एकाच कातड्याच्या पाठीतून कापलेले: मीठ लावून सुकवलेले कच्चे, चुन्यातून काढून केस उतरवलेले, बाभळीच्या सालीच्या पाण्यात निम्मे मुरलेले, पूर्ण कमावलेले, आणि तेल देऊन ठोकलेले. पहिले दोन घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवले की वासाचा प्रश्न मिटतो. प्रत्येक तुकड्याची एक कड धारदार रापीने, म्हणजे चामडे कापायच्या सुरीने, सरळ कापलेली हवी, कारण सगळी माहिती त्या कडेत असते. कच्च्या कातड्याची कड पिवळसर आणि शिंगासारखी अर्धपारदर्शक दिसते. कमावलेल्याची वरपासून खालपर्यंत एकसारखी तपकिरी. निम्म्या मुरलेल्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी तपकिरी रंग आत येताना दिसतो आणि मधे फिकट पट्टी राहते. ही पट्टी प्रत्येकाने नीट बघावी अशी सोय करा, जवळ एक भिंग बांधून ठेवा.

तळ तडकण्याच्या अनेक तक्रारींचे मूळ त्या पट्टीत असते. कातडे आधी जुन्या, सौम्य पाण्यात टाकायचे आणि हळूहळू ताज्या, कडक पाण्याकडे न्यायचे, असा क्रम आहे. घाई करून सुरुवातीलाच कडक पाणी दिले तर वरचा थर लगेच कमावला जातो, त्याची भिंत तयार होते आणि रस आत शिरत नाही. वरून कातडे छान दिसते. चपलेत गेल्यावर मधला कच्चा थर पावसात फुगतो, उन्हात आखडतो, कुजतो, आणि तळ चिरतो. हे तपासायची सोपी रीत आहे. कडेचा पातळ काप काढून ॲसेटिक ॲसिडच्या ३० टक्के द्रावणात टाकावा. कमावलेला भाग तसाच राहतो, कच्चा भाग फुगून पारदर्शक होतो. कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशाळेत हे करता येते. असे दोन काप काचपट्टीवर बसवून ठेवले तर एका नजरेत समजते.

चुन्याचेही तसेच. दिवस कमी दिले तर केसांची मुळे आत राहतात आणि पृष्ठभागावर काळे ठिपके दिसतात. जास्त दिले तर कातड्यातले तंतू सैल पडतात आणि असा तळ कितीही ठोकला तरी घट्ट होत नाही. कमावल्यावर सावलीत सुकवतात. उन्हात घातले तर न मुरलेला रस पाण्याबरोबर वर ओढला जातो, पृष्ठभाग काळपट आणि ठिसूळ होतो, वाकवला की फुटतो. या तिन्ही चुकांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवावेत.

बाभळीची साल आणि हिरडा हे दोन्ही कच्च्या रूपात, कुटून, आणि पाण्यात उकळून असे तीन-तीन वाट्यांत ठेवता येतील. बाभळीने कातडे टणक आणि लालसर तपकिरी होते, हिरड्याने फिकट पिवळसर. जमल्यास पिशवी पद्धतही दाखवावी: कातडे कडेने शिवून त्याची मोठी पिशवी करायची, ती टांगायची, आत साल आणि सालीचे पाणी भरायचे, खाली झिरपलेले पाणी पुन्हा वरून ओतायचे. एका बाजूने काम झाले की पिशवी उलटी टांगायची, नाहीतर वरचा भाग कच्चा राहतो. लहान कातड्याची अशी एक पिशवी, रिकामीच, छताला टांगली तरी पुरे. बाजूला क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने, कमावलेला एक तुकडा कड दाखवून ठेवावा. वरून तपकिरी रंगवलेला असला तरी कापलेल्या कडेत बहुतेक वेळा निळसर राखाडी पट्टा दिसतो. पाण्याचा थेंब दोन्हींवर टाकून बघू द्या. वनस्पतीच्या रसात कमावलेले कातडे थेंब चटकन पिते आणि तेवढाच डाग गडद होतो. इतके शिकून गेलेला गिऱ्हाईक दुकानात सहसा फसणार नाही.

भिंतीवर म्हशीच्या पूर्ण कातड्याची रेघ खऱ्या मापात काढा आणि त्यावर चपलेचे भाग कुठून कापतात ते दाखवा. तळ पाठीतून, तिथे तंतू सर्वांत घट्ट असतात. पोटाकडचे कातडे सैल आणि लोंबते, त्याचा तळ काही महिन्यांत पसरतो. मानेवर सुरकुत्या असतात. पट्टे कण्याच्या दिशेने लांब कापावे लागतात, कारण त्या दिशेने कातडे कमी ताणले जाते. आडवा कापलेला पट्टा पहिल्या दिवशी पायात अगदी मऊ बसतो आणि नंतर चालताना टाच बाहेर पडू लागते. उजव्या-डाव्याचे भाग कातड्याच्या सारख्या जागेतून घेतले नाहीत तर एक पाय आधी ढिला होतो. हे रेघाटून दाखवायला रंगाचा एक ब्रश आणि एक दिवस लागेल, यंत्र लागत नाही.

मग प्रत्यक्ष चप्पल. सात फळ्यांवर सात टप्पे: कापलेले तळ, ओले करून दगडावर ठोकलेले तळ, कान (पट्टा अडकवायचे बाजूचे तुकडे) लावलेला तळ, वरची आणि खालची तळी एकमेकींना शिवताना मधेच सोडलेली, टाच बसवलेली, पट्टा आणि अंगठा ओवलेला, आणि वेणी, गोंडा, नक्षी झालेली पूर्ण चप्पल. आठव्या फळीवर पूर्ण चप्पल बारीक दात्यांच्या करवतीने अंगठ्यापासून टाचेपर्यंत उभी चिरलेली, आणि दुसरी कानाजवळ आडवी चिरलेली. आडवा छेद जास्त महत्त्वाचा. त्यात कान दोन तळ्यांच्या मधे किती आत गेला आहे ते दिसते. कान बोटभर आत असेल आणि त्यातून शिलाई आरपार गेली असेल, तर पट्ट्याचा सगळा ओढा तळ घेतो. कान कडेलाच चिकटवून वरवर शिवलेला असेल तर पहिल्या पावसाळ्यात गम सुटतो आणि कान उपटून येतो. बाहेरून या दोन्ही चपला जुळ्या बहिणींसारख्या दिसतात.

शिलाई वादीची (चामड्याच्या बारीक पट्टीची) की नायलॉनच्या दोऱ्याची, हेही शेजारी ठेवून दाखवावे. आरीने पाडलेले भोक वादीपेक्षा थोडे लहान असते, वादी ओली करून ओढून घेतात आणि ती सुकताना आवळून बसते. नायलॉन मजबूत आहे पण घट्ट ओढला तर कातडे कापत जातो. आम्ही नायलॉनला नावे ठेवत नाही. दर, वेळ आणि गिऱ्हाईक बघून कारागिराला निवड करावी लागते. संग्रहालयाने ती निवड उघडपणे सांगावी, ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ अशी दोन पाट्या लावून मोकळे होऊ नये.

ठोकण्याआधी कातडे किती ओले असावे, हे शब्दांत सांगायला अवघड पण हाताला लगेच समजणारे आहे. भिजवून बाहेर काढून ठेवल्यावर वरचा रंग मूळ रंगाकडे परतू लागतो आणि गालाला लावले तर अजून गार लागते, ती वेळ योग्य. याहून ओले असताना नक्षीचा ठसा पसरतो, सुके असताना पृष्ठभाग फुटतो. संग्रहालयात ओलसर फडक्यात गुंडाळलेले तीन तुकडे आणि एक लाकडी ठोकणी ठेवली तर लोक स्वतः करून बघतील. ठोकणी लाकडी आणि ठसे पितळी असावेत याला कारण आहे. ओल्या, सालीच्या रसात कमावलेल्या कातड्याला लोखंड लागले की निळा-काळा डाग पडतो, तो पुसला जात नाही. लोखंड आणि रस यांची ती शाईच असते. म्हणून मांडणी करतानाही चपलेला लोखंडी टाचणी, खिळा, साधी तार अजिबात लावू नये. पितळ किंवा स्टेनलेस स्टील वापरावे. पावसाळी हवेतल्या ओलाव्यानेसुद्धा हे डाग पडतात.

वेणीला स्वतंत्र जागा द्या. चपलेतले सर्वांत नाजूक काम ते आहे आणि ते बहुतेक वेळा घरी बसून बायका करतात, म्हणून दुकानाच्या पाटीवर कधी येत नाही. पातळ सोललेल्या कातड्याच्या अरुंद वाद्या एकसारख्या रुंदीच्या कापायच्या हे निम्मे काम. एक वादी जरी मधे रुंद झाली तरी वेणी त्या जागी वळते आणि पट्ट्यावर सरळ बसत नाही. विणताना ताण सारखा ठेवावा लागतो. सैल वेणीत माती शिरते आणि माती आतून वाद्या घासून तोडते. फळीला खिळवलेल्या अर्धवट वेण्या ठेवा, तीन पदरी आणि त्याहून जास्त पदरांच्या, आणि मोकळी टोके पाहुण्यांच्या हातात येऊ द्या. दहा मिनिटे झटापट केल्यावर चपलेच्या किमतीबद्दल घासाघीस करायला जीभ तितकी वळत नाही. वेणी करणाऱ्या बाईंचे नाव, त्यांची परवानगी घेऊन, फळीवर ठळक लिहावे.

साज आणि चांदी यांना एक-एक कपाट पुरेल. साजाच्या एकवीस पानांची नावे सगळीकडे छापलेली असतात. इथे एका पानाचे टप्पे दाखवावेत. पत्रा, ठसा, ठशात दाबून उठवलेले पान, मागून भरलेली लाख, मागचा पत्रा. सोन्याऐवजी पितळी पत्र्यात केले तर खर्चही नाही आणि चोरीची धास्तीही नाही. लाख भरलेली असते म्हणून साज गरम पाण्यात टाकू नये, कपाटातही डोक्यावर तापणारा दिवा नको. लाख मऊ झाली की पानाला पोचा पडतो. चांदीच्या कपाटात जंत्रीतून, म्हणजे क्रमाने बारीक होत जाणाऱ्या भोकांच्या पट्टीतून, ओढत नेलेली एकच तार क्रमाक्रमाने बारीक होत गेलेली दाखवा, आणि त्यात मधेच तुटलेली एक. चांदी ओढून ओढून कडक होते, तिला तापवून मऊ केल्याशिवाय पुढच्या भोकात घातली की तुटते. झाळताना टाकणखार कमी पडला तर सांधा धरत नाही, तेही एका फुटक्या कडीवर दिसेल.

आता हवेचा प्रश्न. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये बंद खोलीतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, आणि ६५च्या वर फार काळ राहिली की चामड्यावर बुरशी धरते. कातड्याला ४५ ते ५५ टक्के मानवते. दिवसा एसी लावून संध्याकाळी बंद करणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण रोजच्या चढउताराने कातडे फुगते-आखडते आणि शिलाईजवळ फाटते. त्यापेक्षा कपाटे घट्ट बंद होणारी करून आत सिलिका जेल ठेवावे. मोजमाप साधे आहे: दर घनमीटर जागेला सुमारे २० किलो. १२० सेंटीमीटर लांब, ५० रुंद आणि ४० उंच कपाटाला जवळपास ५ किलो लागते. जेल अगदी कोरडे करून थेट ठेवू नये. ते आर्द्रता एकदम खाली ओढते आणि पट्टे कडक पडतात. आधी ५० टक्के आर्द्रतेला आणून मग ठेवावे. प्रत्येक कपाटात एक छोटा आर्द्रतामापक हवाच. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नये, त्याने ती पसरते. वस्तू आधी कोरड्या हवेत नेऊन सुकवावी, मग उघड्यावर, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटकावी. किडीसाठी वस्तू हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवली की काम होते. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये.

वापरातल्या चपलेला तेल लावतात ते बरोबरच आहे. प्रदर्शनातल्या चपलेला लावू नये. तेल हळूहळू चिकट होते, धूळ धरते, आणि पितळी बक्कल असेल तर तिथे हिरवा मेणासारखा थर जमतो.

कपाटे कशाची, याकडे फारसे कोणी बघत नाही. प्लायवूड आणि एमडीएफ आम्लाची वाफ सोडतात, फेव्हिकॉलसारखे पांढरे डिंकही सोडतात. नव्या रंगाला किमान महिनाभर वारा लागू द्यावा. चांदीखाली लोकरी फेल्ट किंवा रबर ठेवले तर त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि मग ती रोज घासली जाते. प्रत्येक घासण्यात नक्षीचा थोडा थोडा थर जातो. दोन-तीनदा धुतलेले बिनरंगी मांजरपाट सर्वांत सुरक्षित. शंका असेल तर चाचणी करता येते: त्या सामानाचा तुकडा, चांदी-तांबे-शिशाच्या पट्ट्या आणि थोडे पाणी एका हवाबंद बरणीत घालून ६० अंशांवर २८ दिवस ठेवायचे. पट्टी काळवंडली की ते सामान नाकारायचे.

उजेड रंगीत चामड्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचे एकक) जास्त नको. दिवसाला आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर वर्षाचे १ लाख २० हजार लक्स-तास होतात. खिडकीशेजारी १००० लक्स उजेड पडत असेल तर वर्षाचा हा सगळा वाटा १२० तासांत, म्हणजे पंधरा दिवसांत संपतो आणि लाल गोंडे विटकरी होतात. हाताळायच्या नमुन्यांना हा नियम लागू नाही, तिथे भरपूर उजेड द्या. अंधाऱ्या खोलीत शिलाई दिसत नाही, आणि शिलाई दिसली नाही तर आलेल्या माणसाने काय बघायचे?

पाट्या मराठीत आणि कानडीत हव्यात. मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजयपूर आहेत, अथणीची चप्पल तिकडचीच. पाटीत साठेक शब्द पुरेत. देवनागरीत वर-खाली मात्रा असतात, म्हणून ओळींमधे इंग्रजी पाटीपेक्षा जास्त जागा सोडावी, नाहीतर उकार आणि वेलांट्या एकमेकींत अडकतात. कारागीर जो शब्द वापरतात तो आधी लिहावा: तळ, कान, अंगठा, पट्टा, वेणी, वादी, रापी, आरी. हाताळायचे टेबल पाऊण मीटरपेक्षा उंच नको, म्हणजे मुलांना आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला पुरते.

शिक्षकांना एक विनंती. अशा जागी ऐंशी मुलांची रांग एका दारातून आत आणि दुसऱ्या दारातून बाहेर काढू नका. अहमदाबादच्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयात ठरावीक संख्येच्या गटालाच आत सोडतात, ते अडवणूक म्हणून नव्हे. दोन खोल्यांच्या जागेत एका वेळी बारा ते पंधरा मुले, सोबत सांगणारा एकजण, आणि पाऊण तास. बाकीच्यांना तोवर अंगणात वेणीच्या फळ्या द्या. प्रत्येक मुलाला एकच वस्तू नेमून द्यावी आणि ती खालून, बाजूने, कापलेल्या कडेतून अशी तीनदा पेन्सिलीने काढायला लावावी. शाईचे पेन आत नको. काढताना मुलाला आपोआप प्रश्न पडतात: हा पट्टा कुठे संपतो, गाठ कुठे लपवली, डावा पाय कसा ओळखायचा. मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला ते सहसा पडत नाहीत. मोठ्या पाहुण्यांनीही अंबाबाईच्या दर्शनानंतर वीस मिनिटांत उरकायची जागा म्हणून इथे येऊ नये. जेवढा वेळ आहे तेवढ्यात एकच फळी बघावी.

प्रात्यक्षिके ठेवणार असाल तर कारागिराला त्या दिवसाची पूर्ण मजुरी आणि वर प्रवासखर्च द्यावा, कारण त्या दिवशी त्याच्या घरचे काम बंद राहते. काम त्याच्या नेहमीच्या गतीने चालू द्या. पाहुण्यांसाठी अर्ध्या तासात चप्पल ‘करून दाखवा’ असे सांगितले की तो आधी तयार करून आणलेले भाग जोडतो आणि लोकांना वाटते चप्पल अर्ध्या तासात होते. त्यापेक्षा एका दिवशी फक्त कान शिवणे, दुसऱ्या दिवशी फक्त वेणी. एवढे उघड केले तर नक्कल वाढेल, अशी भीती काहीजण व्यक्त करतात. नक्कल करणाऱ्याला तयार चपलेचा एक फोटो पुरतो, तो आजही मिळतो. सालीच्या पाण्याचा क्रम आणि आरीच्या भोकाचे माप बघून कोणी कष्टाने तसेच काम करू लागला, तर त्यात आपले नुकसान नाही.

जागेबद्दल एकच अट. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोका पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ व २०२१ मध्ये पुराचे पाणी वस्तीत कुठवर आले होते हे शहराला माहीत आहे. त्या रेषेच्या आत तळमजला घेऊ नका, तळघर तर कुठेच नको. नवी इमारत बांधायची गरज नाही. चांगल्या छपराची, जाड भिंतींची दोन खोल्यांची जुनी वास्तू चालेल, पण छप्पर मेमध्ये तपासून घ्यावे.

आणि इमारतीची वाट न बघता एक काम आजच सुरू होऊ शकते. जुन्या कारखान्यांतले दगड, लाकडी फरमे, पितळी ठसे, जंत्र्या भंगारात किलोच्या भावाने जात आहेत. त्या वस्तू विकत घ्याव्यात, आणि घेताना एका वहीत प्रत्येक वस्तूपुढे लिहावे: क्रमांक, तारीख, कोणी दिली, कोणी वापरली, कशासाठी, कोणत्या हाताने धरतात, तिला घरात काय म्हणतात, किती वर्षे वापरात होती, किंमत काय दिली. क्रमांक वस्तूवर चिकटवू नये, मऊ सुती फीतीने बांधावा. शक्य असेल तर ती वापरणाऱ्याच्या हातात असतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा, चेहऱ्यापेक्षा हातांचा. महापालिकेने किंवा विद्यापीठाने अशा वह्या ठेवण्यासाठी एक कपाट आणि एक जबाबदार माणूस नेमला, तरी या पावसाळ्याआधी निम्मे सामान वाचेल.

आपले,
चामडे, चांदी आणि वस्तुरचना या कामांशी रोजचा संबंध असलेले काही वाचक,
कोल्हापूर